मास्तरांच्या सहा विजारी

गिऱ्हाईकाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, हे मास्तरांना कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. ज्यांनी ज्यांनी शिकवायचा प्रयत्न केला, त्यांचंही बोलणं त्यांनी अर्ध्यात तोडलं होतं, एवढंच. "कोटाचं जरा असं आहे, की..." इतकं तोंडातून निघेपर्यंत मास्तरांचा खडू कापडावर चालू झालेला असे. "कळलं," ते म्हणत. आणि दहातल्या नऊ वेळा त्यांना खरंच कळलेलं असे. त्यामुळे सुधारायची वेळच येत नसे.

दहाव्या वेळी काय व्हायचं, तर एकदा एक व्हायोलिनवाला आला. डावी बाही आखूड झाली आहे, ती जरा वाढवून द्या, असं त्याला सांगायचं होतं. मास्तरांनी 'डावी बाही आखूड' एवढं ऐकलं आणि ती आणखी दोन बोटं आखूड करून ठेवली. व्हायोलिनवाला भांडायला आला. कोट अंगात घालून, हात उचलून, वाजवायच्या पवित्र्यात आरशासमोर उभा राहिला, आणि बाही कुठेच आडवी येत नाही हे पाहून गप्प झाला. पुढे त्याने सगळे कोट तसेच करून घेतले. झालं, मास्तर त्या दिवसापासून कुणालाच आवरेनात.

त्यांचं दुकान सायकलदुरुस्तीच्या दुकानाच्या वर, अकरा पायऱ्या चढून. रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीला लागून कापायचं लांब टेबल, भिंतीवर पुरुषभर उंचीचा आरसा आणि त्याच्यापुढे ट्रायलसाठी पडदा. कोपऱ्यात बुटक्या खुर्चीवर मास्तरांची बायको काजं करत बसे. गिऱ्हाइकं त्यांना वहिनी म्हणत, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. टेबलाच्या खणात मापांची जाडजूड वही होती. त्यात आकड्यांच्या पुढे मास्तरांच्या बारीक अक्षरात शेरे असत: 'उजवा खांदा उतरता.' 'पोट आत ओढून उभे राहतात, दोन इंच जास्त धरणे.' 'पाठीला पोक, बोलू नये.' अर्ध्या गावाची शरीरं मास्तरांना तोंडपाठ होती आणि त्यातलं एक अक्षरही त्यांनी कधी बाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्या वहीत एकच माप नव्हतं, ते त्यांचं स्वतःचं. स्वतःच्या विजारी ते नुसत्या अंदाजाने कापत.

अशा माणसाला एका सकाळी संडासात रक्त दिसलं.

थोडंसंच होतं. मास्तरांनी नेहमीच्या सवयीने अर्ध्यातच निकाल लावला. बैठं काम, म्हणजे मूळव्याध, आणखी काय असणार? "कळलं," ते स्वतःलाच म्हणाले. मशीनच्या स्टुलासाठी एक मऊ उशी शिवली आणि वहिनींना ताकास तूर लागू दिली नाही. असे तीन महिने गेले.

पण बायकोपासून लपवायचं तर नीट लपवावं, तेही त्यांना जमलं नाही. ज्या माणसाने एकतीस वर्षांच्या संसारात स्वतःचा रुमालसुद्धा धुतला नव्हता, तो रोज सकाळी लवकर उठून आपली अंतर्वस्त्रं धुवायला लागला. वहिनींनी आठवडाभर पाहिलं. मग एक दिवस काज करता करता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "उद्या दहा वाजता दवाखान्यात जायचंय."

"कुणाला?"

"धुणं धुणाऱ्याला."

आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांकडे अर्ध्यात कापायला काही नव्हतं.

मग तपासण्यांचा फेरा सुरू झाला. कॅमेऱ्याने आतडं बघायचं तर ते आधी स्वच्छ हवं, म्हणून आदल्या दिवशी भांडंभर औषधाचं पाणी प्यायचं. ते पिऊन मास्तरांनी दिवसभर एवढ्या येरझारा घातल्या, की संध्याकाळी वहिनींनी संडासाच्या दारात त्यांच्यासाठी खुर्चीच नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी कॅमेरा आत गेला आणि आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, गुदाशयात, कोटाच्या मोठ्या बटणाएवढी एक गाठ दिसली. तिचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सरची सुरुवात आहे, असं उत्तर आलं. मग गाठ किती खोल गेली आहे ते बघायला स्कॅन झाले, आणि सगळे कागद घेऊन मास्तर सर्जनबाईंसमोर जाऊन बसले.

वहिनी बाहेरच्या बाकावर होत्या. "आत विजार उतरवायला सांगतात, तिथे तू कशाला?" असं म्हणून मास्तरांनीच त्यांना बाहेर बसवलं होतं. पुढची सगळी भानगड झाली ती या शहाणपणामुळे.

सर्जनबाई चाळिशीच्या, केस आखूड कापलेल्या, बोलायला शांत. त्यांनी सुरुवात केली ती अशी: "काय आहे मास्तर, पूर्वी या जागी गाठ सापडली, की तो सगळा भागच काढून टाकायचे आणि पोटावर शौचासाठी कायमची पिशवी लावून द्यायचे..."

पिशवी हा शब्द कानावर पडला आणि मास्तरांचे कान तिथेच बंद झाले.

बाई पुढे वीस मिनिटं बोलत होत्या. त्यांनी कागदावर चित्रं काढली, पेनाने बाण दाखवले. मास्तर प्रत्येक बाणाला मान डोलावत होते. शेवटी बाईंनी विचारलं, "काही शंका?"

"डावीकडे की उजवीकडे?" मास्तरांनी विचारलं.

बाईंना वाटलं, हे गाठीबद्दल विचारताहेत. "डावीकडे," त्या म्हणाल्या. "जरा मागच्या अंगाला."

"बरं. कधी?"

"पुढच्या गुरुवारी."

मास्तरांनी कागदावर सही केली, त्याची प्रत घडी घालून खिशात टाकली आणि ते बाहेर आले.

"काय म्हणाल्या?" वहिनींनी विचारलं.

"ऑपरेशन आहे. गुरुवारी. साधंच आहे."

"मग चेहरा का असा?"

"जिना चढून दमलो."

दोघं तेव्हा जिना उतरत होते. त्या दिवशी आपण गप्प बसायला नको होतं, असं वहिनी पुढे बरेच दिवस म्हणत.

त्या दिवसापासून मास्तरांनी नवीन काम घेणं बंद केलं. एकाचा लग्नाचा कोट आला होता, तो त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याकडे पाठवला. तो शिंपी अस्तर पुढून खेचतो, असं मास्तर वर्षानुवर्षं सांगत आले होते. आता त्याच्याकडे स्वतःहून गिऱ्हाईक पाठवलं म्हटल्यावर खालच्या सायकलवाल्यालाही काळजी वाटली. मास्तरांनी वहिनींना घरी बसायला सांगितलं, दुकानाला आतून कडी लावली आणि आपल्या सहा विजारी टेबलावर एकावर एक रचल्या.

मग त्यांनी टेप काढली आणि स्वतःचं माप घेतलं. पहिल्यांदाच. कंबर चौतीस. त्यांना बत्तीस वाटत होती.

त्यांच्या मनात काय होतं, ते सरळ सांगायला हवं. शिंप्याला माणसाच्या फार जवळ उभं राहावं लागतं. काखेत टेप घालायची, छातीभोवती हात न्यायचे, गळ्याचं माप घेताना तर समोरच्याचा श्वास आपल्या कपाळावर येतो. एवढी वर्षं मास्तर लोकांच्या अंगाशी उभे राहून त्यांची व्यंगं झाकत आले होते. आता त्यांच्याच पोटावर पिशवी येणार. ती दिसणार, कदाचित वास येणार, आणि माप द्यायला आलेला माणूस एक पाऊल मागे सरकणार. ते एक पाऊल मास्तरांना डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत होतं. कॅन्सर या शब्दाने त्यांची तेवढी झोप उडाली नव्हती.

मरायची भीती वाटली तर माणूस काय करतो कोण जाणे. मास्तरांना लाजेची भीती वाटली आणि ते शिवायला बसले. त्यांनी सहाही विजारींच्या कमरपट्ट्या उसवल्या. डाव्या बाजूला आतून पातळ सुती कापडाचा रुंद खिसा बसवला. पोटापाशी कापड फुगावं पण फुगलेलं दिसू नये, म्हणून पुढे दोन-दोन चुण्या घेतल्या. कमरपट्टी चार बोटं वर चढवली आणि पट्टा काचू नये म्हणून मागे थोडं इलॅस्टिक घातलं. पहिली विजार मशीनवरून उतरली तेव्हा प्रश्न आला, फिटिंग कशी बघायची? त्यांना घरातली रबरी शेकायची पिशवी आठवली.

सोमवारी दुपारी वहिनी जिना चढून आल्या. कडी आतून लागलेली, पण त्यांच्याकडे मागच्या दाराची किल्ली होती. आत येऊन पाहतात तर मास्तर आरशासमोर उभे. अंगात बनियन, खाली विजार, आणि पोटाच्या डाव्या बाजूला फडक्याने बांधलेली शेकायची पिशवी. तिच्यात कपभर पाणी. मास्तर एकदा वाकत होते, एकदा सरळ होत होते, मग हात वर करून कुणा अदृश्य गिऱ्हाईकाच्या गळ्याचं माप घेत होते, आणि प्रत्येक वेळी पिशवीत डुबुक डुबुक आवाज होत होता.

वहिनी दारातच उभ्या राहिल्या.

"अहो, हे काय?"

मास्तर वळले. पिशवीही मागोमाग वळली. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण अशा अवस्थेत कुठलं खोटं चालेल ते त्यांना सुचेना. मग ते खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. पोटावर पिशवी, कायमची, डावीकडे, गुरुवारी.

वहिनी पुढे आल्या, त्यांनी आधी मास्तरांच्या पोटावरचं फडकं सोडलं आणि पिशवी टेबलावर ठेवली.

"आता माझ्याजवळ कोण उभं राहील?" मास्तर म्हणाले.

"एकतीस वर्षं तुमच्या घोरण्याशेजारी झोपले मी. पिशवीचं काय घेऊन बसलात?" वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले. मग एकदम हात थांबला. "अहो, पण डॉक्टरांचं बोलणं तुम्ही पूर्ण ऐकलंत?"

"ऐकलं ना."

"शेवटचं वाक्य काय होतं?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. "पुढच्या गुरुवारी."

"त्याच्या आधीचं?"

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. वहिनींनी कपाळाला हात लावला. मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशातला सहीचा कागद काढून घेतला, तो दोनदा वाचला, मास्तरांना दुकानातला एक जुना लेंगा घालायला लावला आणि अंगावरचीसकट सहाही विजारी एका कापडी पिशवीत भरल्या. "चला," त्या म्हणाल्या. "उद्या पहिल्या नंबरला."

मंगळवारी सकाळी सर्जनबाईंनी सहा विजारी टेबलावर पाहिल्या. प्रकरण लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला. लक्षात आल्यावर त्यांनी ओठ घट्ट मिटले, पाणी प्यायल्या, आणि मगच बोलल्या.

"मास्तर, 'पूर्वी' म्हणाले होते मी. पूर्वी तसं करायचे."

"आणि आता?"

"आता ऐका. मध्ये बोलायचं नाही."

वहिनींनी मास्तरांच्या मनगटावर हात ठेवला. मास्तरांनी ऐकलं.

पोटाला हात लावायचाच नव्हता. रोज जी वाट शरीर वापरतं त्याच वाटेने एक रुंद, आखूड नळी बसवायची. आत वायू भरून आतडं फुगवायचं, म्हणजे काम करायला जागा होते. मग नळीतून कॅमेरा आणि लांब दांड्यांची बारीक हत्यारं आत घालायची आणि पडद्यावर बघत बघत गाठ तेवढी कापून काढायची. गाठ लवकर सापडली होती. स्कॅनमध्ये ती वरवरच्या थरात दिसत होती आणि आजूबाजूला कुठे काही दिसत नव्हतं, म्हणून हे करता येत होतं.

"म्हणजे बाहीच्या तोंडातून हात घालून खांद्याचं अस्तर शिवायचं," मास्तर म्हणाले. न राहवून ते मध्ये बोललेच.

"तसंच. फक्त बाही उलटी करता येत नाही."

"माया किती सोडता?"

बाईंना कळेना. वहिनींनी सांगितलं, शिलाईच्या बाहेर जे जादा कापड ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात.

"एक सेंटिमीटर, चहूबाजूंनी," बाई म्हणाल्या. "कापायच्या आधी मी गाठीभोवती ठिपके मारून घेते."

"खडूने?"

"विजेच्या चटक्याने. मग त्या ठिपक्यांवरून कापत जायचं. काढलेला तुकडा कॉर्कच्या फळीवर टाचण्यांनी ताणून लावते, म्हणजे तपासणाऱ्याला कळतं, वरची बाजू कुठली, डावी कुठली, आणि कडेपर्यंत काही पोचलंय का."

मास्तर पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसले. ही बाई कामाची माणूस आहे, हे त्यांना टाचण्यांवरून पटलं. "आणि आतून शिवता कसं? गाठ मारायला बोटं कुठून पोचणार?"

"गाठ मारत नाही. दोऱ्यालाच बारीक काटे असतात, ओढला की तो मागे सरकत नाही."

"बिनगाठीचा दोरा," मास्तर वहिनींकडे बघून म्हणाले. "आणि मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही."

हे सगळं हसतखेळत झालं. मग वहिनींनी विचारायचं ते विचारलं. "म्हणजे पिशवी नाही लागणार?"

सर्जनबाईंनी एक विजार हातात घेतली, आतला खिसा उलटा करून बघितला, शिवणीवरून अंगठा फिरवला. "गुरुवारी नाही लागणार, असं मला वाटतं. पण गाठ खरंच किती खोल होती ते तुकडा तपासल्यावरच कळेल. कडा स्वच्छ निघाल्या, खोलवर काही नसलं, तर काम तिथेच संपलं. नाहीतर मोठं ऑपरेशन करावं लागेल, आणि तेव्हा पिशवीही लागू शकते. काही महिन्यांसाठी, किंवा कायमची. रिपोर्टला दहा दिवस लागतात."

"मग यांचं काय करू?" मास्तरांनी विजारींकडे बोट दाखवलं.

"इतक्यात उसवू नका," बाई म्हणाल्या.

खोटा धीर दिला असता तर मास्तरांना तो दिसला असता. कापडातला डाग झाकलेला त्यांना लगेच ओळखू येई. बाईंनी झाकला नाही, म्हणून त्यांना बरं वाटलं, आणि त्यांनी सहाही विजारी मोजून पुन्हा पिशवीत भरल्या.

गुरुवारी सकाळी त्यांना दवाखान्याचा झगा घालायला दिला. तो पाहून मास्तरांना आपलं ऑपरेशन आहे याचा क्षणभर विसर पडला. मागे उघडा, नाड्या तीन, त्यातल्या दोन एकाच बाजूला, आणि खांद्याची शिवण एका टोकाला सरळ तर दुसऱ्या टोकाला गल्लीबोळातून फिरून आलेली. "हे कुणी शिवलंय?" त्यांनी नर्सला विचारलं. "आजोबा, झोपा," नर्स म्हणाली. मास्तर साठीच्याही अलीकडे होते. झग्याचा राग त्या 'आजोबा'वर गेला आणि त्या रागातच त्यांना भूल चढली.

जाग आली तेव्हा वहिनी शेजारी होत्या. मास्तरांनी काही विचारलं नाही. चादरीखालून हात सरकवला आणि पोट चाचपलं. डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. सपाट. पट्टीसुद्धा नव्हती. ते तसाच हात ठेवून पडून राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी उशीवर गळत राहिलं. वहिनींनी ते पुसलं नाही. त्यांनी पाहिलंच नाही असं दाखवलं, ते बरं केलं.

दुसऱ्या दिवशी सगळा वॉर्ड एकाच गोष्टीची वाट बघत होता. सर्जनबाई राउंडला आल्या की विचारत, "वारा सरला का?" नर्स विचारे, पलीकडच्या खाटेवरचा विचारे, आणि मास्तरांची धाकटी बहीण दुसऱ्या गावाहून फोन करून विचारे, तेही एवढ्या मोठ्याने की फोनची गरजच नव्हती. दुपारी एकदाचा तो सरला. आयुष्यभर ज्या गोष्टीबद्दल लोकांनी त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं असतं, तिच्याबद्दल चार माणसांनी त्यांचं अभिनंदन केलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी आले, आणि या वेळी खरंच दमले.

मग रिपोर्टची वाट बघणं उरलं, आणि त्या सहा विजारी. वहिनींनी त्या दुकानात पडद्यामागच्या खुंट्यांवर ओळीने टांगून ठेवल्या होत्या. फार वेळ बसायचं नाही म्हणून मास्तर उभ्यानेच काम करत. कात्री चालवता चालवता पडदा हलला की त्यांची नजर तिकडे जाई.

त्या दिवसांत दुकानात एक अजब गोष्ट घडली. मास्तर ऐकायला लागले. गिऱ्हाईक म्हणे, "कोटाचं जरा असं आहे," आणि थांबे, कारण तिथे थांबायची सगळ्यांना सवय होती. मास्तर म्हणत, "बोला ना. पुढे?" आता पुढे काय बोलायचं ते गिऱ्हाइकांना ठाऊकच नव्हतं. एवढी वर्षं कुणी तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. पोस्टातले कारकून तर इतके गांगरले, की आतल्या खिशापासून सुरुवात करून सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत गेले. मास्तरांनी तेही ऐकलं. कोपऱ्यात वहिनींनी दोनदा सुई टोचून घेतली.

रिपोर्ट आला त्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले. वहिनी आत येणार हे ठरलेलंच होतं. विजारींची पिशवी त्यांनी बरोबर घेतली होती. का घेतली, ते मास्तरांनी विचारलं नाही.

सर्जनबाईंनी पाकीट उघडलं. "चांगली बातमी आहे," त्या म्हणाल्या. "कडा चहूबाजूंनी स्वच्छ आहेत."

वहिनींनी तोंडावर पदर धरला. मास्तर हलले नाहीत.

"पुढे?" ते म्हणाले.

"गाठ वरच्याच थरात होती, खोल गेली नव्हती."

"पुढे?"

"रक्तवाहिन्यांत शिरल्याची काही खूण नाही. दुसऱ्या ऑपरेशनची गरज नाही."

"पुढे?"

"दर तीन महिन्यांनी येऊन कॅमेऱ्याने तपासून घ्यायचं. काही वर्षं. ते चुकवायचं नाही."

"संपलं?"

"संपलं, मास्तर."

तेव्हा कुठे मास्तरांनी श्वास सोडला. मग त्यांनी टेबलापलीकडे हात पुढे केला आणि सर्जनबाईंचा हात दोन्ही हातांत धरला. बाईंच्या बोटांवर सुई धरायच्या जागी घट्टा होता. मास्तरांच्याही होता.

बाहेर बाकावर एक दांडगा माणूस बसला होता. बसचा ड्रायव्हर असावा, खाकी शर्ट होता. मांडीवर घडी केलेलं वर्तमानपत्र, पण तो ते वाचत नव्हता. पोटाच्या डाव्या बाजूवर आडवं धरून बसला होता. पट्टा एका भोकाने ढिला, शर्ट बाहेर, आणि दर दोन मिनिटांनी अंगठा पट्ट्याखाली जाऊन काहीतरी सैल करत होता. शेजारची जागा रिकामी होती. लोक उभे होते, पण तिथे कुणी बसत नव्हतं.

मास्तर जाऊन तिथे बसले. अगदी चिकटून.

"पट्टा इथे काचतो," ते हळूच म्हणाले आणि आपल्या कमरेवर बोट ठेवलं. "वाकलात की पिशवी वर ढकलली जाते. आणि हात वर केलात की आवाज येतो."

ड्रायव्हर दचकला. वर्तमानपत्र आणखी घट्ट धरलं. "तुम्हाला कसं माहीत? तुम्हालाही आहे?"

"नाही," मास्तर म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं, शेकायच्या पिशवीसकट आणि तिच्यातल्या कपभर पाण्यासकट. ड्रायव्हर आधी ऐकत राहिला, मग त्याचे खांदे हलायला लागले, मग तो इतका हसला की वर्तमानपत्र खाली पडलं, आणि ते उचलायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

वहिनींनी कापडी पिशवीतून एक विजार काढून दाखवली. ड्रायव्हरने आतल्या खिशात हात घालून पाहिला आणि बराच वेळ काढला नाही.

"माझी कंबर बेचाळीस आहे," तो शेवटी म्हणाला.

"या मला बसतात, तुम्हाला कशा बसणार? तुमची नवीन शिवू. सोमवारी या. सायकलवाल्याच्या वर, अकरा पायऱ्या."

घरी आल्यावर वहिनींनी पाच विजारी उसवल्या. सहावी मास्तरांनी काढून घेतली. "तीन-तीन महिन्यांनी जायचंय," ते म्हणाले. "एक असू दे." वहिनींनी तिला इस्त्री करून ती पुन्हा खुंटीला लावली.

सोमवारी ड्रायव्हर आला. टेबलासमोर उभा राहिला, हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना. मास्तरांनी वही उघडली. आधी त्यांनी मागच्या बाजूच्या कोऱ्या पानावर स्वतःचं माप लिहिलं, कंबर चौतीस, आणि त्याच्या खाली ड्रायव्हरची ओळ आखली. मग खडू कानावर ठेवला, टेप गळ्यातच राहू दिली आणि समोरच्या माणसाच्या जवळ जाऊन उभे राहिले, नेहमी उभे राहत तितक्याच जवळ.

"आता सांगा," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांगा."

ड्रायव्हर पाऊण तास बोलत होता. मास्तरांनी मध्ये एकदाही 'कळलं' म्हटलं नाही.